बाइकच्या हेडलाइटच्या 178 मिमी डूममध्ये (काच-रिफ्लेक्टरचा संच) काय बसवावं? गोल एलईडी की चांगला एच-4?

रात्रपाळी
गाडी रॉयल एनफील्ड थंडरबर्ड 350, 2011 ची, प्रोजेक्टर (भिंगाचा) हेडलाइट यायच्या आधीची. रिफ्लेक्टरची चकाकी गेली आहे. डिपरवर रस्ता कमी आणि झाडांचे शेंडेच जास्त दिसतात. रिम काढून काच मोजली, कडेपासून कडेपर्यंत 178 मिमी. बल्ब एच-4 (अप्पर-डिपर दोन्ही फिलामेंट असलेला हॅलोजन), 60/55 वॅट. रात्रीचं फिरणं ताम्हिणी आणि वरंध घाटात, पावसातही. ऑनलाइन 7 इंची गोल एलईडी ढिगाने आहेत, भोवती पांढरी रिंग आणि वर '20,000 ल्युमेन' (उजेडाचं माप) लिहिलेलं. ते सरळ बसतील का? की नवा साधा डूम घेऊन त्यात एलईडी बल्ब टाकू?

काचकाम
178 म्हणजे सात इंची, जुन्या जीपला बसतो तोच माप. त्यामुळे पर्याय भरपूर आहेत. (पावणेसहा इंची असता तर 146 मिमी भरला असता.) पण नुसता व्यास जुळून भागत नाही, खोलीही मोजा. एलईडी युनिटच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो आणि तुमच्या बकेटमध्ये (दिव्यामागच्या डब्यात) वायरिंगचा गुंता. हीटसिंक वायरींना टेकला तर उष्णतेने इन्सुलेशन खराब होतं आणि हवा न खेळल्याने एलईडीही लवकर मंद पडतो. जुना रिफ्लेक्टर काढून बकेटच्या तोंडापासून वायरींपर्यंत किती जागा उरते ते पट्टीने बघा, मगच ऑर्डर द्या.

साध्या डूममध्ये एलईडी बल्ब मात्र नको. एच-4 च्या डिपर फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडणारा प्रकाश ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप जाडीला वेगळी, मिलिमीटरभर पुढेमागे झाली तरी उजेड विस्कटतो. मग गाडीजवळ लखलखाट आणि 40 मीटरवर अंधार.

ल्युमेनच्या आकड्यांवर जाऊ नका. एच-4 चं प्रमाण 13.2 व्होल्टला अप्पर 1650 आणि डिपर 1000 ल्युमेन एवढंच आहे, आणि चांगल्या रिफ्लेक्टरमध्ये ते घाटाला पुरतं. 20,000 हा आकडा खोक्यावरच राहतो.

खरं बघायचं ते काचेवर. गोलात 'ई' आणि आकडा असलेला मान्यतेचा शिक्का हवा. त्याशिवाय बाण शोधा. दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाणाचं टोक तुमच्या उजवीकडे असेल, तर दिवा आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या रहदारीचा. दुतोंडी बाण म्हणजे दोन्हीला चालतो. 'एचसीआर' (हॅलोजन, डिपर-अप्पर दोन्ही) असं लिहिलंय पण बाणच नाही, तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी. त्याचा वर चढणारा कोपरा आपल्याकडे नेमका समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. स्वस्त एलईडीत हीच चूक सर्रास असते. फक्त मोटरसायकलसाठी केलेल्या काही दिव्यांचा डिपर सरळ आडवा कापलेला असतो, तिथे बाणाचा प्रश्न येत नाही.

माझं मत: बाण असलेला सात इंची काचेचा एच-4 डूम, त्यात नामांकित कंपनीचा 60/55 बल्ब. 100/90 च्या फंदात पडू नका. रस्त्यावर त्याला परवानगी नाही, आणि स्विच-होल्डर वितळतात ते वेगळंच.

तारजोड
काचकाम यांच्याशी सहमत, पण डूम बदलण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, डिपर चालू. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा बल्बच्या डिपरच्या पिनला (कप्लर, म्हणजे बल्बचा प्लग, काढायचा नाही; प्रोब मागून टोचायचा). अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. एकच्या वर गेला तर वीज चावीच्या आणि हँडलच्या स्विचमध्ये मरतेय. मग बल्बच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच मोजा. हे कोणी करत नाही, आणि दोष बहुतेकदा इथेच सापडतो: बकेटमधला गंजलेला अर्थ. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. म्हणजे नवा डूम घालूनही तुम्ही नाराजच राहाल.

उपाय दोन रिले (थोड्या विजेवर चालणारे स्विच, जे बल्बला थेट बॅटरीची वीज देतात), एक डिपरला, एक अप्परला. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीवरून थेट वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून बल्बला. 86 ला जुन्या कप्लरमधली डिपर किंवा अप्परची वायर, 85 अर्थला. बल्बचा अर्थही नव्या वायरीने बॅटरीच्या मायनसवर न्या. 2.5 चौरस मिमी वायर पुरे. डिपर फक्त साडेचार-पाच अँपिअर ओढतो, पण पासिंग देताना दोन्ही फिलामेंट एकदम पेटले तर साडेनऊच्या घरात जातं, म्हणून दहाचा फ्यूज नको.

रात्रपाळी
मोजलं. प्लसकडे 1.3, अर्थकडे 0.6! रिले करतोच. पण समजा पुढे एलईडी युनिट घेतलंच, तर रिंगची चौथी वायर कुठे द्यायची? आणि अप्परला डिपर विझतो असं वाचलं.

तारजोड
चौथी वायर पार्किंग लाइटच्या वायरीला. बॅटरीवर थेट दिली तर गाडी उभी असतानाही रिंग जळत राहील.

अप्परचं खरं आहे. आपला स्विच अप्पर देताना डिपरची वीज तोडतो. काही युनिटमध्ये अप्परला फक्त वरच्या चिप पेटतात, मग चाकापुढचे दहा-पंधरा मीटर काळे पडतात आणि वळणावर खड्डा दिसत नाही. घेण्याआधी दुकानात बॅटरीवर लावून बघा: फक्त अप्परची वायर जोडल्यावर सगळ्या चिप पेटल्या पाहिजेत.

धुकंवाट
पावसाचं राहिलं. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड ओल्या डांबरावर काही दाखवत नाही, धुक्यात समोर पडदा उभा करतो. एलईडी घ्यायचाच तर 4300 ते 5000 मधला. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतली वाफ सुकते, एलईडीची काच थंड राहते आणि घाम टिकतो. म्हणून सगळीकडे सिलिकॉन फासून डूम हवाबंद करू नका, खालचं भोक मोकळं ठेवा.

बसवल्यावर लेव्हल करा, नाहीतर सगळी मेहनत वाया. सपाट जागा, भिंतीपासून 10 मीटर, टायरमध्ये योग्य हवा, गाडी स्टँडवरून काढलेली आणि तुम्ही सीटवर बसलेले. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा. ती 90 सेंमी असेल तर डिपरची आडवी रेघ भिंतीवर 80 च्या आसपास हवी. मागे नेहमी कोणी बसत असेल तर त्यालाही बसवूनच करा, कारण मागची सस्पेन्शन दबली की नाक वर जातं. रेघेचा चढता कोपरा डावीकडे दिसायला हवा. उजवीकडे दिसला तर दिवा परत करा, तो फिरवून बसवता येत नाही.

आणि बकेटच्या बोल्टांना स्प्रिंग वॉशर घाला. या सिंगल सिलिंडरच्या थरथरीत ते सैल पडतात आणि दिवा हळूच खाली झुकतो.