मक्की-मदनी बघून कुरआनाचा अर्थ लावतात म्हणजे नेमकं काय करतात?

वाचनवेडा: कुरआनाचा मराठी अनुवाद पहिल्या पानापासून सरळ वाचतोय. दारूबद्दल २:२१९ मधे (दुसरी सूरह म्हणजे अध्याय, त्यातली २१९ वी आयत म्हणजे वचन) म्हटलंय मोठं पाप आहे पण लोकांना काही फायदेही आहेत, ४:४३ मधे नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका, आणि ५:९० मधे थेट सैतानी काम, लांबच राहा. मग धरायचं कुठलं? सूरहच्या डोक्यावर मक्की/मदनी छापलेलं असतं, त्यावरून कळतं का?

सलीमभाई: नाही कळणार, कारण या तिन्ही मदनीच आहेत 😄 मक्की तुमची अजून यायचीय, १६:६७, तिथे खजूर-द्राक्षांपासून नशेची चीज आणि चांगलं अन्न करता एवढंच आहे, मनाई नाही. तुम्ही लिहिलेल्या तीन त्यानंतर त्याच क्रमाने आल्या असं मानतात, म्हणून शेवटची लागू. आणि मक्की म्हणजे मक्केत उतरलेली असं नसतं हां, ६२२ च्या हिजरतीआधीची, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्याआधीची ती मक्की, नंतरची मदनी. ५:३ मधला "आज मी तुमचा धर्म पूर्ण केला" हा भाग मक्केजवळ अराफातला उतरला, तरी मदनीच.

कोपऱ्यातला: यात अजून एक गंमत, छापलेला क्रम हा उतरण्याचा क्रम नाहीच. विधवेच्या इद्दतीचं (पुन्हा लग्न करण्याआधी थांबायच्या मुदतीचं) बघा, २:२४० मधे वर्षभर आणि २:२३४ मधे चार महिने दहा दिवस, आणि बहुतेक उलेमा (धर्मपंडित) म्हणतात २३४ ने २४० रद्द केली, म्हणजे रद्द करणारी आधी छापलीय! सरळ वाचणाऱ्याचा घोटाळा होणारच. पण आयत रद्द म्हणायची घाईही नको, जुने विद्वान सुयूतींनी अशा वीसेक धरल्या, नंतरचे विद्वान शाह वलीउल्लाहंनी त्या पाचावर आणल्या, बाकीच्यांचा मेळ घालून दाखवला.

शंकेखोर: मला हे थोडं गोल गोल वाटतं, अर्थावरून काळ ठरवायचा आणि काळावरून परत अर्थ. जर्मन अभ्यासक नोल्डेकेने १८६० मधे आयतींची लांबी आणि शैली बघून मक्केचेच तीन टप्पे पाडले, पण ते किती पक्के म्हणायचे?

सलीमभाई: पक्कं कोण म्हणतंय, पण लांबी अगदीच फालतू पुरावा नाही. ७३ वी सूरह उघडा, पहिल्या १९ आयती छोट्या छोट्या आणि २० वी एकटीच परिच्छेदाएवढी, त्यात लढाईला जाणाऱ्यांचाही उल्लेख. सूरह मक्की, पण ही आयत बरेच जण मदनी धरतात. म्हणून सूरहचा शिक्का बघून थांबायचं नाही, आयत कोणत्या प्रसंगी आली तेही तफसीरमधे (कुरआनावरच्या भाष्यात) बघायचं.

वाचनवेडा: ७३ वी आत्ताच उघडली, खरंच की! १६:६७ ला अजून बरीच पानं आहेत, पोचलो की परत येतो.