हौस कसली!

वर कोणीतरी लिहिलंय की आफ्रिकी मुली केस सरळ करतात ती निव्वळ हौस. अहो, वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत केसांत पेन्सिल खोचून बघत. अडकली की माणूस गोरा नाही! 2016 मध्येसुद्धा प्रिटोरियातल्या मुलींच्या शाळेत नैसर्गिक कुरळे केस फुलवून ठेवता यावेत म्हणून, म्हणजेच अ‍ॅफ्रोसाठी विद्यार्थिनींना आंदोलन करावं लागलं. सरळ करायच्या क्रीममध्ये बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. म्हणून आधी कपाळाच्या कडेला, कानांमागे व्हॅसलीन थापतात, तरी पोळायचं ते पोळतंच. आणि मुळाशी येणारे नवे केस पुन्हा कुरळेच.

नैसर्गिक ठेवायचे तर वेळ हवा. टाळूचं तेल वेटोळ्यांतून टोकापर्यंत पोचत नाही, केस कोरडे पडतात. ओले असतानाच भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत जायचं. मुळापासून ओढलेत तर तुटलेच म्हणून समजा.