मदत हवी आहे: रेसिड्युअलच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, मॉडेल ठेवावे की बदलावे?

उरलेली_बाकी:

नमस्कार. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो आणि गेल्या काही महिन्यांपासून कामावरून आल्यावर आर ही प्रणाली वापरून रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा बसवणे) शिकतो आहे. रेषा बसवता येते, सहगुणक वाचता येतात. पण रेषा बसवून झाल्यावर प्रत्येक नोंदीमागे जी बाकी उरते, म्हणजे रेसिड्युअल, तिच्यावरून मॉडेल ठीक आहे की नाही हे ठरवण्याची वेळ आली की माझा गोंधळ उडतो.

कारखान्यातले आकडे इथे देता येणार नाहीत. म्हणून आरसोबत येणारा 'कार्स' हा संच घेतला आहे, म्हणजे कोणालाही स्वतः पडताळून पाहता येईल. त्यात १९२०च्या दशकातील ५० नोंदी आहेत आणि स्तंभ दोनच: गाडीचा वेग (मैल प्रति तास) आणि थांबेपर्यंत कापलेले अंतर (फूट). बसलेली रेषा अशी आहे: अंतर = −१७.५८ + ३.९३ × वेग. आर-वर्ग (अंतरातल्या चढउताराचा किती भाग रेषेने समजतो ते) ०.६५ आहे आणि रेसिड्युअलची प्रमाण त्रुटी १५.३८ फूट आहे.

यानंतर जे झाले ते क्रमाने सांगतो. प्रत्यक्ष अंतर आडव्या अक्षावर आणि रेसिड्युअल उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर ठिपके स्पष्टपणे चढत गेलेले दिसले आणि दोहोंमधला सहसंबंध ०.५९ आला. रेसिड्युअलमध्ये कोणताही कल उरता कामा नये असे वाचले होते, त्यामुळे इथेच धसका घेतला. नॉर्मल वितरणासाठी शापिरो-विल्क चाचणी केली, पी-मूल्य (गृहीतक खरे असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०२१५ आले. पसारा सर्वत्र सारखा आहे का हे पाहण्यासाठी ब्रॉइश-पेगन चाचणी केली, तर एका पॅकेजने पी-मूल्य ०.०७३ दिले आणि दुसऱ्याने त्याच नावाच्या चाचणीसाठी ०.०३१ दिले. लागोपाठच्या नोंदींची रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेली आहेत का हे पाहणारे डर्बिन-वॉटसन १.६८ आले, पी-मूल्य ०.०९५. शिवाय ४९व्या नोंदीचे रेसिड्युअल ४३.२ फूट आणि २३व्या नोंदीचे ४२.५ फूट आहे. दोन्ही जवळपास सारखीच असताना कुक अंतर (ती नोंद काढली तर रेषा किती हलेल याचे माप) मात्र पहिल्याचे ०.३४ आणि दुसऱ्याचे ०.०९ आहे.

एक चाचणी मॉडेल नापास करते, दुसरी काठावर पास करते आणि तिसरी पॅकेजनुसार निकाल बदलते. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि त्या दोन नोंदी काढून टाकाव्यात का?

खडू_आणि_फळा:

आपण आकडे दिलेत हे फार बरे केले. अशा प्रश्नांत बहुधा 'रेसिड्युअल खराब आहेत' एवढेच लिहिलेले असते आणि मग उत्तर देणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागते.

पहिला धसका आधी मनातून काढून टाका. प्रत्यक्ष अंतराविरुद्ध रेसिड्युअल मांडले की चढता कल दिसणारच, मॉडेल कितीही उत्तम असले तरी. रेसिड्युअल म्हणजे प्रत्यक्ष मूल्यातून अंदाजित मूल्य वजा करून उरलेला भाग, म्हणजे प्रत्यक्ष मूल्याचाच एक तुकडा. त्याचे आपल्या मूळ मूल्याशी नाते असणे अटळ आहे. स्थिरपद असलेल्या सामान्य लघुतम-वर्ग रिग्रेशनमध्ये हा सहसंबंध नेमका १ वजा आर-वर्ग याच्या वर्गमुळाएवढा असतो. आपला आर-वर्ग ०.६५१ आहे, ०.३४९ चे वर्गमूळ ०.५९, आणि आपल्याला तेच मिळाले. त्या आलेखाने आपल्याला आर-वर्गच वेगळ्या कपड्यांत दाखवला आहे, नवे काही सांगितलेले नाही. आडव्या अक्षावर अंदाजित मूल्य किंवा वेग घ्या. त्यांच्याशी रेसिड्युअलचा रेषीय सहसंबंध गणितानेच शून्य होतो, त्यामुळे तिथे जो वाक किंवा पंखा (एका बाजूला वाढत जाणारा पसारा) दिसेल तो खरोखर काही सांगत असतो.

डर्बिन-वॉटसन इथे लावायचे कारण नव्हते. १९५० आणि १९५१ मध्ये मांडलेली ही चाचणी लागोपाठच्या नोंदींची तुलना करते, म्हणून नोंदींच्या क्रमाला काळाचा किंवा जागेचा काही अर्थ असावा लागतो. या संचातील ओळी वेगानुसार चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. ओळी विस्कटून पुन्हा चाचणी करा, आकडा बदलेल आणि रेषा मात्र तीच राहील. इथे १.६८ हा आकडा २ च्या खाली आला असेल तर त्याचा अर्थ फार तर एवढाच, की रेषेच्या एकाच बाजूला पडणाऱ्या शेजारी-शेजारी नोंदी थोड्या जास्त आहेत, म्हणजे कदाचित संबंध वाकडा आहे.

ब्रॉइश-पेगनचे कोडे मात्र मनोरंजक आहे आणि यात चूक आपली नाही. दोन्ही पॅकेजे एकच गोष्ट करतात: रेसिड्युअलांचे वर्ग घेऊन ते वेगाबरोबर वाढतात का हे पाहतात. फरक पडतो तो त्या वर्गांचा स्वतःचा पसारा किती धरायचा यात. १९७९ च्या मूळ चाचणीत त्रुटी नॉर्मल आहेत असे मानून हा पसारा सूत्रातून घेतला जातो. कोएंकर यांनी १९८१ मध्ये सुचवलेल्या सुधारणेत तो प्रत्यक्ष आकड्यांवरून मोजला जातो. आपल्या रेसिड्युअलांची शेपटे नॉर्मलपेक्षा जाड आहेत, म्हणजे टोकाची मूल्ये जास्त आहेत, त्यामुळे वर्गांचे व्हेरिअन्स (पसाऱ्याचे माप) सूत्राच्या अपेक्षेपेक्षा सुमारे १.४५ पट भरते आणि मूळ चाचणीचे चाचणी-मूल्य ४.६५ कोएंकरांच्या हिशोबात ३.२१ वर उतरते. 'एलएमटेस्ट' पॅकेज वेगळे काही सांगितले नाही तर सुधारित रूप वापरते, 'कार' पॅकेज मूळ रूप वापरते. (संचाचे नाव कार्स आणि पॅकेजचे नाव कार, हा योगायोग शिकणाऱ्यांना बराच छळतो.) शापिरो-विल्कने नॉर्मलपणावर आधीच शंका घेतलेली असताना नॉर्मलपणा गृहीत धरणाऱ्या चाचणीवर विसंबणे बरोबर नाही, म्हणून मी ०.०७३ धरीन. पण ०.०७३ म्हणजे 'पसारा समान आहे' असा दाखला समजू नका. ५० नोंदींत ही चाचणी फारशी ताकदवान नसते.

एक विनंती आहे. आता चाचण्या बाजूला ठेवून वेगाविरुद्ध रेसिड्युअल मांडा, छापून घ्या, आणि काय दिसते ते इथे शब्दांत लिहा. त्या दोन नोंदींबद्दल नंतर बोलू.

उरलेली_बाकी:

मनापासून आभार. ०.५९ चा उलगडा झाल्यावर स्वतःचेच हसू आले.

आलेख छापून पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो. १० मैलांपर्यंतच्या पहिल्या नऊ नोंदींत एकही रेसिड्युअल साडेबारा फुटांच्या बाहेर जात नाही. पण २४ मैल वेगाच्या चारच नोंदींत ते −६.८ पासून ४३.२ पर्यंत पसरलेले आहेत. म्हणजे पंखा दिसतो. १५ ते २३ मैलांच्या पट्ट्यात २२ नोंदी आहेत आणि त्यांतल्या १५ शून्याखाली आहेत; उलट अगदी सुरुवातीच्या दोन आणि शेवटच्या चार नोंदी शून्याच्या वर आहेत. म्हणजे थोडा वाकही आहे, पसरट वाटीसारखा. आणि जे आधीच दिसायला हवे होते ते आता दिसले: ४ मैल वेगाला रेषेचा अंदाज −१.८५ फूट येतो. ब्रेक दाबण्याआधीच गाडी मागे सरकते आहे!

वाक तपासण्यासाठी वेगाचा वर्ग मॉडेलमध्ये टाकला, पण त्या पदाचे पी-मूल्य ०.१३६ आले. म्हणजे वाक नाही असे धरून चालायचे का?

आडवा_अक्ष:

धाग्यात मध्येच डोकावतो, कारण शेवटच्या प्रश्नात सांख्यिकीपेक्षा पदार्थविज्ञानाचा भाग जास्त आहे. थांबण्याचे अंतर दोन तुकड्यांचे असते. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जे अंतर कापते ते वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती सगळी घर्षणात जिरवावी लागते. वर्गाचे पद त्यामुळे आधीपासूनच ठाऊक आहे. ०.१३६ चा अर्थ एवढाच, की इतका पसारा असलेल्या या ५० नोंदींना ते पद एकट्याच्या बळावर सिद्ध करता येत नाही. त्यात वेग आणि वेगाचा वर्ग हे दोन्ही एकमेकांशी घट्ट बांधलेले असल्याने त्यांचे श्रेय वेगळे वाटता येत नाही. शून्य वेगाला शून्य अंतर हेही आपल्याला ठाऊक आहे, तरी सरळ रेषेचे स्थिरपद −१७.५८ येते, ही त्या वाकाचीच सावली आहे.

माझे मत विचाराल तर वेग आणि वेगाचा वर्ग घेऊन, स्थिरपद वगळून मॉडेल बसवावे आणि वेगानुसार भार द्यावा, म्हणजे जास्त पसारा असलेल्या नोंदींना कमी महत्त्व.

खडू_आणि_फळा:

आडवा_अक्ष यांचे म्हणणे मान्य आहे. भार कोणते द्यायचे हे ठरवताना मात्र आणखी एक गृहीतक पदरी पडते. शिकण्याच्या दृष्टीने मी आधी सोपी वाट सुचवीन: अंतराचे वर्गमूळ घ्या आणि ते वेगावर बसवा. वाक आणि पंखा दोन्ही एकाच फटक्यात बरेच कमी होतात. रेषा १.२७७ + ०.३२२४ × वेग अशी येते आणि ४ मैलांना अंदाज सुमारे ६.६ फूट मिळतो. प्रत्यक्ष नोंदी २ आणि १० फुटांच्या आहेत. आर-वर्ग ०.७१ येईल, पण तो ०.६५ शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' असे म्हणू नका, कारण एक अंतराचा आहे आणि दुसरा त्याच्या वर्गमुळाचा. तसेच अंदाजाचा वर्ग करून परत फुटांत आलात की मिळते ते सरासरी अंतर नसते, मध्यक असतो. सरासरी हवी असेल तर त्यात रेसिड्युअलच्या प्रमाण त्रुटीचा वर्ग, म्हणजे १.१०२ चा वर्ग, सुमारे १.२ फूट, मिळवावा लागतो.

आता त्या दोन नोंदी. कुक यांनी १९७७ मध्ये मांडलेले अंतर फक्त रेसिड्युअल मोजत नाही, ती नोंद तरफेवर कुठे बसली आहे हेही पाहते. सर्व नोंदींचा सरासरी वेग १५.४ मैल आहे. २३वी नोंद १४ मैलांची, म्हणजे जवळजवळ टेकूवरच बसलेली. ती कितीही उड्या मारो, रेषेचा उतार फारसा हलत नाही, तिचे लीव्हरेज (रेषा ओढण्याची क्षमता) अवघे ०.०२१ आहे. ४९वी नोंद २४ मैलांची, तरफेच्या टोकाजवळची, लीव्हरेज ०.०७४, म्हणून तेवढ्याच रेसिड्युअलने ती रेषा जास्त ओढते. सर्वांत मोठे लीव्हरेज खरे तर पहिल्या दोन नोंदींचे आहे, ०.११५; पण त्यांचे रेसिड्युअल लहान असल्याने त्या गप्प आहेत.

४९वी नोंद बाजूला ठेवून तिचे स्टुडंटाइज्ड रेसिड्युअल (स्वतःच्या प्रमाण त्रुटीने भागलेले) काढले तर ३.१८ येते आणि एकट्याचे पी-मूल्य ०.००२६, पण आपण तिला ५० जणांतून सर्वांत दूरची म्हणून निवडले आहे, तेव्हा बॉन्फेरोनी या दुरुस्तीप्रमाणे पी-मूल्य ५० ने गुणा, ०.१३ होते. काढून टाकण्यासारखे त्यात काही नाही.

उरलेली_बाकी:

वर्गमुळाचे मॉडेल बसवून पाहिले. पंखा बराच मिटला, ४९वी नोंद गर्दीत मिसळली (प्रमाणित रेसिड्युअल १.८), पण २३वी मात्र आता सर्वांत पुढे आली, २.९ वर. १४ मैलांच्या चार नोंदी २६, ३६, ६० आणि ८० फुटांच्या आहेत. त्या ८० वर माझी पेन्सिल सारखी अडते. ही नोंद चुकीची मानावी का?

खडू_आणि_फळा:

ती चूक असल्याचा पुरावा काय? संचात गाडी कोणती, रस्ता ओला की कोरडा, ब्रेक कसे होते, यातले काहीच नोंदलेले नाही. त्याच वेगाला ६० फुटांचीही नोंद आहे, आणि ५० ने गुणल्यावर हिचेही पी-मूल्य ०.१४ च्या आसपास येते. मॉडेल तिच्यासह आणि तिच्याविना असे दोनदा बसवा, दोन्ही उतार शेजारी लिहा. टेकूवर बसलेली असल्याने उतार जवळजवळ हलणार नाही, प्रमाण त्रुटी मात्र कमी होईल. अहवालात दोन्ही द्या आणि नोंद ठेवा. आपल्या कारखान्यातील आकड्यांत मात्र अशी नोंद भेटली तर आधी त्या पाळीची नोंदवही काढून पाहा. ती सोय इथे नाही, तिथे आहे.

उरलेली_बाकी:

तसेच करतो. तिथल्या ओळी वेळेच्या क्रमाने आहेत, तेव्हा डर्बिन-वॉटसन तिथे लावता येईल असे धरतो. अडलो तर याच धाग्यात विचारीन.