यिंगश्येनच्या लाकडी पॅगोड्याच्या मॉडेलसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आर्किटेक्चर शिकणाऱ्या लेकीला चीनच्या शान्शी प्रांतातल्या यिंगश्येनच्या पॅगोड्याचं मॉडेल करायचंय. लियाओ राजवटीत, १०५६ साली बांधलेला, साधारण ६७ मीटर उंच, वरचा सगळा सांगाडा लाकडी. बाहेरून मजले दिसतात पाच, पण मध्ये चार लपलेत, म्हणजे एकूण नऊ! घोडं अडलंय तिथेच. त्या लपलेल्या मजल्यांतल्या तिरप्या तुळया खांबांच्या आतल्या आणि बाहेरच्या अष्टकोनी रांगांना नेमक्या कुठे जोडायच्या? छपराखालच्या एकावर एक रचलेल्या ब्रॅकेटांचे (छपराचं वजन खांबांवर नेणाऱ्या लाकडी आधारांचे) तर ५४ प्रकार. त्यातलं कोपऱ्यावरचं बघून डोकंच गरगरतं. कुणाकडे उभ्या छेदाचं (वरून खाली कापल्यावर आतली रचना दिसते तसं) स्वच्छ रेखाचित्र आहे का? आणि खऱ्या पॅगोड्याचा बाहेरून दिसणारा दुसरा मजला कललाय, तो कल मॉडेलमध्ये दाखवावा का? मला वाटतं दाखवावा, लेक नको म्हणते.