डेट्रॉइट नेमके कशामुळे ओस पडले?

मेघमल्हार (धागाकर्ता)
अमेरिकेतील मोटार उद्योगाचे शहर असलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. या ओसाडीचे खापर बहुधा जुलै १९६७ च्या वांशिक दंगलीवर फोडले जाते. तीत ४३ माणसे मरण पावली हे खरे, पण शहर त्याआधी दीड दशकापासून गळत होते आणि ती गळती घरांच्या धोरणामुळे लागली, असे माझे मत आहे. १९४१ मध्ये एट माइल रस्त्यालगत एका बिल्डरने सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांच्या कर्जांना केंद्र सरकारची हमी मिळत नव्हती. भिंत उभी राहिल्यावर हमी मिळाली. पुढे ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती पाडली गेली आणि दुकानांनी व संगीताच्या क्लबांनी गजबजलेल्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून क्रायस्लर फ्रीवे गेला. तेथून उठवलेली पुष्कळ कुटुंबे बाराव्या रस्त्याच्या परिसरात दाटीवाटीने राहू लागली, आणि १९६७ ची ठिणगी नेमकी तिथेच पडली.

नोव्हीकर
मी अठरा वर्षे याच परिसरात मोटार उद्योगात काम करतो आणि आपल्याशी सहमत नाही. १९४७ ते १९६३ या काळात शहराने कारखान्यांतील सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गमावल्या. जुने कारखाने बहुमजली होते. नव्या उत्पादन पद्धतीला एकाच पातळीवर पसरलेली विस्तीर्ण जागा हवी होती आणि ती उपनगरांत स्वस्तात मिळत होती. पॅकार्ड या मोटार कंपनीचा अवाढव्य कारखाना १९५६ मध्ये बंद पडला, त्यामागे कोणतीही भिंत नव्हती. वंशभेद शिकागोतही तितकाच तीव्र होता, तरी ते शहर कोसळले नाही. शिवाय निवृत्तिवेतनाची तूट भरण्यासाठी महापालिकेने २००५ च्या सुमारास जवळजवळ १४० कोटी डॉलर उभे केले, त्या बोजाचा २०१३ च्या दिवाळखोरीत मोठा वाटा होता. हा निर्णय महापालिकेचा स्वतःचा होता.

मेघमल्हार
शिकागोचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे धान्यबाजार, बँका आणि रेल्वे असे अनेक आधार होते. परंतु नोकऱ्या उपनगरांत गेल्या तेव्हा गोरा कामगार त्यांच्यामागे जाऊ शकला, कृष्णवर्णीय कामगाराला मात्र तिथे घर मिळेना. फोर्ड कंपनीच्या डिअरबॉर्न या उपनगरात १९४२ पासून १९७८ पर्यंत महापौर असलेले ऑर्व्हिल हबर्ड वंशविभक्तीचे उघड पुरस्कर्ते होते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, शाळांतली वंशविभक्ती मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांना डेट्रॉइटच्या शाळांशी जोडण्यास नकार दिला, आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहर सोडण्याची वाट आणखी पक्की झाली.

शाल्मली
आपण दोघेही पालिकेच्या हद्दीकडे पुरेसे पाहत नाही, असे मला वाटते. फोर्डने १९१४ मध्ये पाच डॉलरची रोजंदारी जाहीर केली ती हायलँड पार्कच्या कारखान्यात, आणि हायलँड पार्क डेट्रॉइटच्या पोटात असूनही वेगळे गाव आहे. कारखान्यांतले मजूर डेट्रॉइटमध्ये राहत, पण त्या कारखान्यांवरचा कर तिकडच्या तिजोरीत जाई. हद्दवाढ तर १९२६ नंतर थांबलीच. अशा शहराला उरलेला प्रत्येक कारखाना जिवापाड जपावा लागतो. म्हणूनच १९८१ मध्ये कोलमन यंग या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांनी जनरल मोटर्सला जागा देण्यासाठी पोलटाउन या वस्तीतील सुमारे ४,२०० पोलिश आणि कृष्णवर्णीय रहिवासी उठवले. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन वैध ठरवले. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तो निकाल मोडीत काढला, तेव्हा परत जाण्यासाठी त्या माणसांची घरे उरली नव्हती.