लान्स आर्मस्ट्राँगवर लोक एवढे का भडकले? आणि आत्तीला सांगू का नको?

घाटातला_गडी

मंडळी जरा सल्ला पायजे. प्रश्न सायकलवाल्याचा आहे पण अडकलोय घरात.

आमच्या आत्तीला (बावड्यात असती) २००६ ला छातीचा कॅन्सर झालेला. मी तेव्हा कॉलेजला. तेव्हा महाद्वार रोडला हातगाडीवर आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर संस्थेचे ते पिवळे रबरी पट्टे मिळायचे बघा, दहा रुपयाला एक, सगळे डुप्लिकेट, लिवस्ट्राँगचं स्पेलिंगपण धड नसायचं. त्यातला एक घेऊन तिला दिला आणि म्हटलं, आत्ती, अमेरिकेत एक सायकलवाला आहे, त्याला तुझ्यापेक्षा वाईट झालेला, फुप्फुसात गेलेला, मेंदूत गेलेला, त्यातनं उठला आणि टूर दी फ्रान्स सलग सात वेळा मारली, १९९९ ते २००५. तिनं पट्टा हिरव्या बांगड्यांच्या मागं घातला. केमोला सुई लावताना सिस्टर म्हणायची हे काढा मावशी, तर ही म्हणायची बांगड्या काढ, ते राहू दे. आत्ती आता ठणठणीत आहे, पट्टा सैल पडला म्हणून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

परवा जेवताना अचानक म्हणाली, "तुझा तो सायकलवाला कुठं असतो रं आता?" मी नुसती भाकरी मोडत बसलो. तो औषधं टोचून जिंकला हे बाहेर पडलं आणि त्याच्या साती टूर काढून घेतल्या, तिला ह्यातलं काहीच माहीत नाही.

रविवारी पन्हाळ्याला जाताना वाघबीळला चहाला थांबलो तिथं हा विषय काढला आणि घात झाला. निम्मे म्हणाले त्या काळात सगळेच घेत होते, ह्यालाच एकट्याला उघडा पाडला. निम्मे म्हणाले चोर तो चोर. दोघं तर तिथनंच माघारी फिरले, वर गडावर आलेच नाहीत. मला पण खरंच कळत नाही, उलरिच, बास्सो, लँडिस, त्याच्या काळातले हे सायकलवाले सगळेच कधी ना कधी अडकले, मग जगाचा सगळा राग ह्याच्यावरच का? आणि आत्तीला सांगू का गप बसू?

पेठेतला_पंच

भावा सांगू नको, विषय कट. म्हातारी बरी झाली, पट्टा जुना झाला, कशाला उकरालाईस.

बाकी सगळेच घेत होते हे खरंच आहे की. सात टूर काढून घेतल्या पण त्या वर्षांचा विजेता म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लावलं नाही, रकाने रिकामे ठेवलेत. का? दुसऱ्या नंबरवाल्याला द्यायला जावं तर तो पण त्याच मातीतला. सगळा आखाडा एकाच मातीचा असला तर जिंकला तो जिंकला.

कोर्टाच्या_पायरीवर

पंच, अर्धंच बोललात. लोक भडकले ते इंजेक्शनवर नाही, इंजेक्शननंतर त्यानं जे केलं त्याच्यावर.

एमा ओरायली म्हणून एक आयरिश बाई त्याच्या टीममध्ये मालिश करायला होती. १९९९ च्या टूरमध्ये ह्याची कॉर्टिझोनची टेस्ट आली पॉझिटिव्ह, तर बसायच्या जागेला फोड आलाय त्याचं मलम लावलं असं दाखवायला मागच्या तारखेची चिठ्ठी तयार केली, आणि हे ठरलं कुठं तर ती मालिश करत होती त्याच खोलीत. त्याच वर्षी दंडावरचे सुईचे डाग झाकायला ह्यानं तिच्याकडं मेकअप मागितला. तिनं हे सगळं एका पत्रकाराला सांगितलं आणि २००४ ला ते छापून आलं. मग ह्यानं काय करावं? तिच्यावर केस, पेपरवर केस, वर तिच्या चारित्र्यावर आणि दारूवर बोलला. लंडनच्या संडे टाइम्सला २००६ ला तीन लाख पौंड देऊन मिटवायला लागलं, म्हणजे खरं छापणाऱ्यानं खोटं बोलणाऱ्याला पैसे दिले. सगळं बाहेर पडल्यावर २०१३ ला त्यांच्याशी परत तडजोड करायला लागली ती ह्याला.

आणि जानेवारी २०१३ ला अमेरिकेतल्या टीव्हीवाल्या ओप्रासमोर बसून कबूल केलं तेव्हा एमावर केस केली होती का असं विचारलं तर उत्तर काय, एवढ्या जणांवर केल्यात की आठवत नाही, केली असेल. मी रोज कोर्टात बसणारा माणूस, पक्षकार खोटं बोलतात त्याचं मला काय वाटत नाही, पण ज्या बाईला वकिलांच्या तोंडी दिलं तिची केस आठवत नाही म्हणजे भावा हद्द झाली.

आणि एकट्यालाच उघडा पाडला म्हणणाऱ्यांसाठी. १० ऑक्टोबर २०१२ ला युसाडानं (अमेरिकेची डोपिंग पकडणारी संस्था) जे कागद बाहेर काढले ते हजारावर पानं, २६ जणांच्या जबान्या, त्यातले ११ त्याचेच जुने टीममेट. इतकी वर्षं हा छाती काढून सांगायचा माझ्या शेकडो टेस्ट झाल्या, एकदा पण सापडलो नाही. लघवीत सापडला तो चिठ्ठीवर सुटला, साक्षीत मात्र अडकला. दुसऱ्यांनी कबूल करून सहा महिन्यांची सजा घेतली, ह्याला पण बोलायची संधी होती, हा आला नाही.

उद्यमनगरी_लेथ

माझं जरा वेगळं. ते ईपीओ ईपीओ म्हणतात ना, ते आमच्या फ्रीजमध्ये आहे. खरंच. दह्याच्या पातेल्यामागं, खोक्यात.

बाबांचं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस असतं. किडनी चांगली असली की तीच ईपीओ करती आणि त्यानं हाडात रक्त तयार होतं, किडनी गेली की रक्तपण कमी पडतं, म्हणून बाहेरनं टोचायचं. मी थर्मासात बर्फ घालून घेऊन जातो कारण गरम झालं की वाया. हिमोग्लोबिन सातवर असलं की बाबा पलंगावरनं संडासपर्यंत जाताना दोनदा भिंत धरतात, दहावर आलं की तेच बाबा खाली कारखान्यात येऊन माझ्या टर्निंगमध्ये चुका काढतात. एवढा फरक. आणि अकरा-बाराच्या वर जायला लागलं की डॉक्टर स्वतःच डोस बंद करतात, रक्त घट्ट झालं तर गुठळी होती म्हणून. केमोनं रक्त कमी झालेल्यांना पण हेच देतात कधी कधी.

आता विचार करा, धडधाकट माणसानं हे टोचून घेतलं तर घाटात काय होईल. १९९७ पासनं सायकलवाल्यांना नियम होता की रक्तात तांबड्या पेशींचा भाग ५० टक्क्यांच्या वर दिसला की घरी बसा. ईपीओची टेस्टच नव्हती २००० पर्यंत, त्यामुळं सगळे ५० च्या खाली खाली खेळायचे. इथंच पंचांचं एकाच मातीचं गणित चुकतंय बघा. ज्याचं मुळात ४१ आहे त्याला ५० पर्यंत चढायला नऊची जागा, ज्याचं जन्मतः ४८ आहे त्याला दोनचीच. औषध तेच, फायदा वेगळा. वर ह्याच्याकडं फेरारी नावाचा इटालियन डॉक्टर, त्याला दहा लाख डॉलरच्या वर पैसे दिलेत असं त्या अहवालातच आहे. टेस्ट आल्यावर थोडं थोडं, रात्री, शिरेतनं, आणि स्वतःचंच रक्त काढून ठेवून परत चढवायचं. १९९९ ला तर एक माणूस मोटरसायकलवरनं टूरच्या मागं मागं ईपीओ घेऊन फिरायचा, त्याला हे मोटोमॅन म्हणायचे. आम्ही इथं एका व्हायलसाठी तीन मेडिकल फिरतो.

मला राग त्याच्या जिंकण्याचा नाही येत. बाबांच्या खोक्याचा येतो.

आंबेवाडीची_चेन

मी शाळेत असताना ह्याचा फॅन होतो (व्हय, मुलगीच आहे, कोल्हापूरची आहे, मी गेलो मी आलोच म्हणणार). २००१ चं आल्प द्युएझ युट्यूबवर किती वेळा बघितलंय, दिवसभर दमल्यासारखं नाटक केलं, आणि घाट सुरू झाल्यावर उलरिचकडं मागं वळून एकदा बघितलं आणि गेला तो गेलाच. २१ वळणं. आपल्या पन्हाळ्याला मी तसं मागं वळून बघायला गेलो आणि ऊसाच्या ट्रॉलीत शिरणार होतो.

तुम्ही सगळे घेणाऱ्यांचं बोलालाय, न घेणाऱ्यांचं कोण बोलणार? बासों म्हणून फ्रेंच पोरगा होता, १९९९ ची टूर पळत पळत पेपरात लिहायचा की आधीच्या वर्षी डोपिंगचं एवढं लफडं होऊन पण हे लोक एवढ्या स्पीडनं कसे चाललेत. आर्मस्ट्राँग चालू रेसमध्ये त्याच्या शेजारी गेला आणि सांगितलं, घरी जा. बाकी कोण त्याच्याशी बोलेना, टीमवाले पण नाहीत, तो टूर अर्धी सोडून खरंच घरी गेला. २००४ ला सिमेओनी, त्यानं फेरारीविरुद्ध साक्ष दिलेली. तो एका स्टेजला पुढच्या घोळक्यात जायला निघाला, त्याच्यापासनं ह्याला काडीचा धोका नव्हता, तरी पिवळी जर्सी घालून हा स्वतः त्याच्यामागं सुटला आणि त्याला परत मागं आणला. आणि कॅमेऱ्याकडं बघून तोंडाला चेन लावल्यासारखी खूण केली. ती क्लिप आता बघितली की पोटात कसंतरी होतं, कारण मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते लई भारी वाटलेलं. टाळ्या वाजवलेल्या मी.

म्हणून सगळेच घेत होते म्हटलं की मला पटत नाही. न घेणारे राहू दिले असते तर कळलं असतं किती जण होते.

जुना_लंगोट

सगळ्यांचं वाचलं. पोरी तू शेवटी बोललीस ते बरोबर.

पण जरा आपल्याकडं पण बघा. मी तालमीत १४ वर्षं काढली, गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध प्यालोय, थंडाईला बदाम पाट्यावर वाटून वाटून हात सोललेत. आता तालमीजवळच्या गटारीत काय दिसतंय तर सुया. आमच्या गल्लीतलं एक पोरगं भरतीच्या ग्राउंडला जायच्या आधी बीपी वाढवायचं इंजेक्शन मारून गेलं, १६०० मीटर पळून आलं आणि तिथंच आडवं झालं. वाचलं. घरी पेढे वाटलेले, पळाला म्हणून. कुणी विचारलं नाही कशावर पळाला. वाडाच्या (जगाची डोपिंग पकडणारी संस्था) यादीत आपल्या देशाचं नाव वरच असतंय, ते काय अमेरिकेनं लिहिलेलं नाही.

आणि पब्लिकचं सांगतो. खासबागेत नुरा कुस्ती लागली की पब्लिकला दुसऱ्या मिनिटाला कळतं. शिट्ट्या, फेटे खाली, चपला वर. पण ज्याच्यावर जीव असतो त्याची नुरा असली तर कळून पण कळत नाही, तिथं नजर अधू होती. १९९९ पासनं फ्रान्सचे पत्रकार बोंबलत होते, जगानं ऐकलं नाही कारण कॅन्सरमधनं उठलेला माणूस खोटा निघायला कुणालाच नको होता. आठ कोटी पट्टे खपले म्हणे. तेवढे हात होते त्याच्या बाजूनं. मग खोटा निघाल्यावर तेवढेच उलटे पडले. आपण फसलो ह्याचा राग आपल्यावर काढता येत नाही, मग तो त्याच्यावर काढायचा.

तो काय बिचारा नाही. बहुतेक स्पॉन्सर एका दिवसात गेले, अमेरिकेच्या सरकारी पोस्ट खात्याच्या (तेच त्याच्या टीमचे स्पॉन्सर होते) केसमध्ये २०१८ ला पन्नास लाख डॉलर भरून सुटला. ती केस घातली कुणी, तर लँडिसनं, त्याच्याच टीमच्या पोरानं. पण कॅन्सर खोटा नव्हता त्याचा. तो धरून बरं व्हायचं तर व्हावं की माणसानं.

आत्तीला सांग. आमच्या पिढीला तुम्ही काचेच्या बरणीत घालून ठेवू नका.

पेठेतला_पंच

वस्ताद भाषण भारी, पण तंबाखू सोडा आधी 😀

बासोंचं मला माहीत नव्हतं. एकाच मातीचं मागं घेतो. आत्तीला सांगायचं मात्र अजून पण नकोच म्हणतोय.

जुना_लंगोट

तंबाखू कुठल्या टेस्टमध्ये येत नाही. गप.

घाटातला_गडी

सांगितलं. काल गेलो होतो.

आधी एक गंमत. लेथवाल्या दादांनी केमोचं लिहिलं म्हणून मी तिची २००६ ची फाईल काढायला लावली, कॅरीबॅगमध्ये घालून कपाटावर ठेवलेली, उघडल्यावर झुरळाची अंडी आणि रिपोर्ट. तिसऱ्या केमोनंतरच्या कागदावर रक्त ७.८ आणि खाली तेच इंजेक्शन लिहिलेलं. एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ. मी मोबाईलवर दोनदा ताडून बघितलं.

मग सगळं सांगितलं, पहिल्यापासनं, ओप्रा सोडून कारण तिला ओप्रा कोण ते सांगण्यातच दिवस गेला असता. आत्ती शेंगा फोडत ऐकत होती. इंजेक्शनचं कळल्यावर एवढी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या. "म्हंजे आम्ही दोघंबी एकाच औषधावर की रं! मला कुठं सायकल आली?"

सात टूर, डॉलर, डॉक्टर ह्याच्यात तिला काही रस नव्हता. मधेच म्हणाली, "त्या मालिशवाल्या पोरीचं काय झालं पुढं?" मला माहीत नव्हतं, तिथंच बसून शोधलं. २०१३ ला दोघं फ्लोरिडात भेटले, ह्यानं समोर बसून तिची माफी मागितली, तिनं केली माफ. आत्ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी नसती गेली भेटायला."

कोर्टवाले दादा, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. पेपरवाल्यांनी पैसे परत घेतले हे ऐकून म्हणाली बरं केलं, आणि बाईला किती मिळाले?

पट्टा टाकला नाही तिनं. देवघरातनं काढला आणि स्वयंपाकघरात नेला. शेंगदाण्याच्या चटणीच्या पिशवीला दोन वेढे देऊन लावलाय. रबर चांगलं आहे म्हणाली.