सल्ला हवा: ७०+ चं आयुष्मान कार्ड, घराबाहेर न पडता

माजघर: आईचं वय ७८, अंथरुणावर आहे. आधारला मोबाइल जोडलेला नाही, बोटांच्या रेषा झिजल्यात. वय वंदना कार्ड (७०+ लोकांना रुग्णालयात मोफत उपचार देणारं सरकारी आयुष्मान कार्ड) काढायचंय. तिला घराबाहेर नेणं शक्य नाही.

दुपारचा_चहा: सीएससी केंद्रावर (सरकारी सेवांची कामं करून देणारं केंद्र) न्या. ठसा नाही उमटला तर बुबुळं स्कॅन करतात.

माजघर: अहो, बाहेर न्यायचं नाहीये.

रेघोट्या: आधी मोबाइल जोडा, मग ओटीपीवर सगळं होतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन जोडून देतो.

खडूस_काका: आणि त्यानेही ठसाच मागितला तर? आयुष्मान अॅपमध्ये चेहऱ्यावरून केवायसी (ओळख पडताळणी) होते, ती करा. फोनमध्ये आधार फेसआरडी हे चेहरा ओळखणारं अॅप हवं. लॉगिन तुमच्या नंबरवर चालतं. पुढे ७०+ नोंदणी निवडून आईंचा आधार क्रमांक टाका. चष्मा काढा, उजेड समोरून पडू द्या; खिडकीकडे पाठ असली की चेहरा काळा पडतो आणि फेल. डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, तेव्हा आईंना हळूच सांगा. दोनदा फसलं तर उशी उंच करा.

दुपारचा_चहा: एवढ्या कटकटीपेक्षा खासगी पॉलिसी बरी.

खडूस_काका: ७८ व्या वर्षी? हप्ता आणि प्रतीक्षा काळ बघा जरा. इथे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, वर्षाला ५ लाख, उत्पन्नाची अट नाही. ओपीडी मात्र नाही, भरती व्हावं लागतं.

सांजवात: राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेला रेशन कार्ड आणि ओळखपत्र पुरतं, रुग्णालयातला मदतनीस, आरोग्यमित्र, बघून देतो. कार्ड कशाला?

रेघोट्या: दोन्हींची गल्लत करू नका. आणि सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती योजना किंवा वय वंदना यांतलं एकच निवडावं लागतं, ते आधी बघा. तरीही म्हणतो, मोबाइल आधी जोडा.

सांजवात: हो, मोबाइल जोडाच.

दुपारचा_चहा: कार्ड फुकट असतं. कोणी पैसे मागितले तर १४५५५ ला तक्रार करा.

माजघर: मोबाइल राहू दे. सकाळी अंगणाकडच्या दारातून तोंडावर ऊन येतं, तेव्हा चेहऱ्यानेच करते. सीजीएचएस नाही आमच्याकडे.

रेघोट्या: मग मोबाइल कधी जोडणार?